देवाला लिहिलेली वही: सुरुवातीपासून परत वाचण्यापर्यंत

रोजनिशी लिहिणारी माणसं पुष्कळ, देवाचं नाव घेणारीही पुष्कळ. पण उपासनेचा भाग म्हणून वही उघडली की थोड्याच दिवसांत ती स्वतःच्या निरीक्षणांनी भरायला लागते आणि देव तिच्यातून हळूच बाहेर पडतो. 'आज जपात लक्ष लागलं नाही. चिडचिड फार झाली. उद्यापासून वेळ पाळायची.' यात चुकीचं काही नाही, फक्त हे कुणाला सांगितलेलं नाही. अशी वही वर्षभर लिहून स्वतःची ओळख वाढेल. देवाशी जवळीक वाढेलच असं नाही.

हाच मजकूर असा लिहून बघा: 'देवा, तुझं नाव घेताना माझं अर्धं लक्ष फोनकडे होतं. बसलो तुझ्यासमोर आणि वाट बघत होतो दुसऱ्याच्याच उत्तराची.' प्रसंग तोच आहे, पण आता लपायला जागा उरली नाही. पहिल्या नोंदीत 'लक्ष लागलं नाही' म्हणून सुटता आलं होतं. समोर कुणी ऐकणारा आहे म्हटल्यावर लक्ष कुठे होतं तेही सांगावं लागलं. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत: लिहायचं ते देवाला उद्देशून.

ही रीत जुनी आहे. ख्रिस्ती संत ऑगस्टीन यांनी इ.स. ४००च्या आसपास तेरा भागांत आपलं आयुष्य सांगितलं, ते सबंध देवाला उद्देशून. वाचक फक्त बाजूला उभा राहून ऐकतो. जनाबाई विठ्ठलाशी बोलतात तेव्हा लाडही करतात आणि शिव्याही घालतात. अमेरिकन कथालेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांनी विद्यार्थिदशेत, १९४६-४७मध्ये, एका साध्या वहीत देवाला उद्देशून प्रार्थना लिहिल्या. ती वही २०१३मध्ये छापून आली. तिच्या शेवटच्या नोंदीत त्या आपल्या खादाडपणाची कबुली देतात, आणि त्यात ओटची बिस्किटंही आहेत. इतकं क्षुल्लक देवाला सांगायचं? सांगायचं. जो माणूस बिस्किटाचं सांगत नाही, तो मोठं काही सांगेल याचा भरवसा नाही.

वही, वेळ, जागा

यावर फार विचार करू नका. साधी वही आणि चालणारं पेन पुरे. महागडी, सुंदर कागदाची वही घेतली की अक्षर आणि भाषा दोन्ही जपून वापरली जातात, आणि इथे तेच नको आहे. फोनवर लिहिलं तरी देवाची हरकत नसावी, पण फोनवर बाकीचं जगही हजर असतं. हात थरथरतो, दृष्टी साथ देत नाही अशांनी खुशाल फोन किंवा संगणक वापरावा, नाहीतर बोलून ध्वनिमुद्रण करावं.

पंधरा मिनिटं ठरवा. रोजची प्रार्थना, जप, पाठ असं काही आधीपासून चालू असेल तर त्याला जोडूनच वही उघडा; नवी वेळ शोधायला गेलात तर ती सापडणार नाही. दिवसाकडे मागे वळून बघायला रात्र बरी, ग्रंथ वाचून लिहायला सकाळ. दोन्ही वेळा एकदम सुरू करू नका.

वही कुणी वाचणार नाही याची खात्री मात्र हवी. कुलूप लावा, कपाटात वरच्या फळीवर ठेवा, घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा. कुणीतरी वाचेल ही शंका मनात असेल तर तुम्ही त्या कुणासाठी तरी लिहाल.

पहिली ओळ

तारीख टाका. मग देवाला ज्या नावाने मनात हाक मारता तीच हाक लिहा. देवा, प्रभो, आई, विठ्ठला, बापा, या अल्लाह. निराकार मानणाऱ्याने नुसतं 'तू' म्हणून सुरुवात केली तरी चालेल. स्तोत्रातली भारदस्त विशेषणं इथे नकोत, ती प्रार्थनेत असतातच.

हाकेनंतरच्या वाक्यात या क्षणी तुम्ही कसे आहात ते लिहा. कसं असायला हवं ते नको. 'तुझ्या कृपेने मन शांत आहे' हे खरं असेल तर जरूर लिहा. पण डोळ्यांवर झोप असेल, शेजारच्या खोलीतल्या आवाजाने वैताग आला असेल, देव आहे की नाही याचीच शंका येत असेल, तर पहिलं वाक्य तेच. 'तू ऐकतोस की नाही मला माहीत नाही, तरी लिहितोय' या वाक्याने सुरू झालेली नोंदही प्रार्थनाच आहे.

रात्रीच्या नोंदीचा क्रम

कोरं पान समोर असलं की माणूस एकतर भरकटतो नाहीतर तेच ते लिहितो. म्हणून एक सांगाडा लागतो. इग्नेशियस ऑफ लोयोला या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संताने आत्मपरीक्षणाचा पाच टप्प्यांचा क्रम घालून दिला. त्याचं 'स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस' हे पुस्तक १५४८मध्ये छापलं गेलं आणि त्याने स्थापलेल्या जेसुइट या ख्रिस्ती धर्मसंघात हा क्रम आजही चालू आहे. तो कोणत्याही धर्माच्या माणसाला उपयोगी पडतो. वहीसाठी तो असा वापरता येईल.

आधी आभार. इथे फसगत ठरलेली असते, कारण 'आरोग्य, कुटुंब, घर' ही यादी तिसऱ्या दिवशी पाठ होते आणि पाठ झालेल्या गोष्टीत मन नसतं. त्यापेक्षा आजचीच एक गोष्ट घ्या आणि ती जवळून लिहा. 'आईच्या तब्येतीबद्दल आभार' याऐवजी 'आज दुपारी आई स्वतःहून खिडकीपाशी जाऊन बसली, पडदा तिनेच सारला. कितीतरी दिवसांनी. तू हे दाखवलंस.' अशी एक ओळ दहा कलमांच्या यादीपेक्षा जास्त काम करते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या अभ्यासात आभाराच्या गोष्टी नियमित लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य एकंदर बरं चाललंय असं इतरांपेक्षा जास्त वाटलं होतं. पण भक्ताचे आभार कुणाचे तरी असतात, हा फरक विसरला की यादीच उरते.

मग उजेड मागा. एकच वाक्य: 'आजचा दिवस तुझ्या नजरेने बघू दे.' हे टाळून थेट परीक्षणाला लागलात तर दोनपैकी एक होतं, स्वतःची वकिली किंवा स्वतःला चाबकाचे फटके.

तिसरा टप्पा मुख्य. सकाळपासून दिवस मनात फिरवा आणि दोन ठिकाणी थांबा: मन कुठे मोकळं झालं, आणि कुठे आकसलं. घटना मोठी असायला नको. एखाद्या मीटिंगमध्ये सहकाऱ्याचं कौतुक झालं आणि आतून काहीतरी टोचलं, एवढंही पुरे. ते टोचणं देवाला सांगा. 'देवा, तिचं कौतुक चाललं होतं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि मनात तिच्या चुका मोजत होतो.' कारणमीमांसेत शिरू नका. मत्सर का झाला, बालपणी काय घडलं, हा शोध वेगळा आहे आणि तो पानंच्या पानं खातो. इथे फक्त दाखवायचं.

चौथा टप्पा क्षमेचा. चूक नेमक्या शब्दांत लिहा, क्षमा मागा आणि पुढे सरका. त्याच चुकीवर तिसरं वाक्य लिहायला लागलात की थांबा. पश्चात्ताप संपून तिथे स्वतःचंच कौतुक सुरू झालेलं असतं, उलट्या बाजूने.

शेवटी उद्याचा दिवस. उद्या ज्या माणसाला किंवा ज्या कामाला सामोरं जायची धास्ती आहे त्याचं नाव घ्या, आणि तिथे काय हवं ते मागा. 'उद्या अकरा वाजता साहेबांसमोर खरं सांगायचं आहे, जीभ अडखळू देऊ नकोस.' 'उद्यापासून कधीच रागावणार नाही' असे संकल्प वहीला जड होतात.

पाचही टप्पे रोज झालेच पाहिजेत असं काही नाही. एखाद्या रात्री तिसऱ्यातच पंधरा मिनिटं संपतील. संपू द्या.

ग्रंथ समोर ठेवून लिहिणं

नुसतं दिवसाबद्दल लिहीत राहिलं की बोलणं एकतर्फी होतं. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा तरी तुमचा जो धर्मग्रंथ असेल तो उघडून लिहा. गीता, ज्ञानेश्वरी, गाथा, बायबल, कुराण, गुरुग्रंथसाहिब, जे तुमचं असेल ते.

बाराव्या शतकात ग्विगो दुसरा नावाच्या ख्रिस्ती मठवासी साधकाने ग्रंथवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत अवस्थान. वहीत त्या सहज उतरतात. चार-पाच ओळींपेक्षा जास्त वाचू नका. त्यातली जी ओळ अडकेल ती हाताने उतरवून घ्या. उतरवताना गती आपोआप कमी होते आणि डोळ्यांनी ओलांडलेला एखादा शब्द हाताला सापडतो. मग त्या ओळीखाली लिहा: ही आज माझ्या कोणत्या गोष्टीला भिडते? नंतर त्याच ओळीवरून देवाला दोन वाक्यं बोला. आणि मग पेन खाली ठेवा, थोडा वेळ काहीच करू नका.

ओळ पटली नाही तर तसं लिहा. 'तू इथे म्हणतोस शत्रूवरही प्रेम कर. मला ते जमत नाही, आणि खरं सांगायचं तर करायचंही नाही' हे भाष्यग्रंथातलं वाक्य उतरवून घेण्यापेक्षा फार पुढचं पाऊल आहे. टीका, भाष्यं, प्रवचनं ऐकून काढलेली टिपणं वेगळ्या वहीत ठेवा. ती ज्ञानाची वही. ही बोलण्याची.

गाऱ्हाणं कसं लिहावं

देवावर राग आला असेल तर वही बंद करून चालत नाही, पण बहुतेक जण नेमकं तेव्हाच लिहिणं सोडतात. भाविक माणसाला वाटतं, असं लिहिणं म्हणजे पाप. मग भक्तिपरंपरांचं काय करायचं? तुकोबा विठोबाशी उघड भांडतात. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रं भरपूर आहेत, आणि ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. त्याला शेवटी आशेचं वाक्य जोडावं असं कुणाला वाटलं नाही.

लिहिताना आधी हाक, मग काय झालं ते. 'माझ्यावर अन्याय झाला' असं मोघम नको. कोण काय म्हणालं, दवाखान्यातून काय कळलं, कोणतं दार कसं बंद झालं, ते लिहा. मग देवाकडून काय अपेक्षा होती ते लिहा, संकोच न करता. मग आज काय हवं आहे ते. आणि तिथेच थांबा. 'पण तुझी इच्छा तीच माझी' हे वाक्य आतून आलं तर सोन्याहून पिवळं. सवयीने, भीतीने येत असेल तर आज राहू द्या.

एक सावधगिरी. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६मध्ये जो प्रसिद्ध प्रयोग मांडला, त्यात लोकांनी आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांबद्दल ओळीने चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं लिहिलं होतं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं, आरोग्यावरचा चांगला परिणाम पुढच्या काही महिन्यांत दिसला. म्हणजे अशा नोंदीनंतर थोडं जड वाटणं स्वाभाविक आहे. पण लिहिताना श्वास अडकू लागला, झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर ते काम वहीवर टाकू नका. डॉक्टर, समुपदेशक, विश्वासातलं माणूस यांच्याकडे जा. देवाकडे जाणं आणि मदत घेणं यांत विरोध नाही.

मागण्यांची पानं

वहीची शेवटची काही पानं यासाठी राखून ठेवा. डाव्या बाजूला तारीख आणि मागणी, उजवी बाजू कोरी. मागणी स्पष्ट असावी; 'सगळ्यांचं भलं कर' याचं उत्तर आलं की नाही हे कधीच कळणार नाही. पुढे जे घडेल ते उजवीकडे लिहा: मिळालं, नाही मिळालं, अजून वाट बघतोय. चौथा प्रकार सगळ्यात मजेदार: ही मागणी आता माझी उरलीच नाही. सहा महिन्यांपूर्वी ज्यासाठी जीव टाकला होता ते नावही आठवत नाही.

हा कोऱ्या जागेचा हिशेब देवाची परीक्षा घेण्यासाठी ठेवू नका. 'इतक्या मागण्या, इतक्या पूर्ण' असं शेकड्यात मोजायला लागलात तर पानं फाडून टाका.

'देव म्हणाला' लिहिण्याआधी

काही जण वहीत देवाचं उत्तरही लिहितात. गप्प बसून जे मनात उमटतं ते देवाच्या तोंडी घालतात. यात गोडी आहे आणि धोकाही तेवढाच, कारण आपल्या मनाला देवाचा आवाज काढायला छान जमतं. म्हणून 'तू म्हणालास' ऐवजी 'तू असं सुचवतो आहेस असं मला वाटतंय' लिहा आणि समोर प्रश्नचिन्ह ठेवा.

मग काही दिवसांनी ती ओळ तपासा. ती तुमच्या धर्मग्रंथाच्या गाभ्याशी जुळते का? ती तुमचा अहंकार गोंजारते का? ती कुणाला दुखावायचा परवाना देते का? तुम्हाला आधीच जे करायचं होतं नेमकं तेच ती सांगते का? नोकरी सोडणं, लग्न, पैसे, औषध बंद करणं असल्या गोष्टींबाबत वहीतल्या अशा ओळीवर एकट्याने कधीच निर्णय घेऊ नका. गुरू, धर्मगुरू किंवा तुम्हाला 'नाही' म्हणू शकणारं एखादं वडीलधारं माणूस, यांच्यासमोर ती ठेवा.

ब्लेझ पास्कल या गणितज्ञाला २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्री, साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास, देवाचा उत्कट अनुभव आला. त्याने तो थोड्याशा तुटक ओळींत लिहिला, वेळेसकट, आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२मध्ये पास्कल वारल्यावर तो कागद सापडला. असा काही अनुभव आलाच तर एवढं करावं: लगेच, थोडक्यात, तारीख-वेळ घालून लिहावं आणि गाजावाजा करू नये.

कोरडे दिवस

काही आठवड्यांनी शब्द आटतात. देव दूर वाटतो, वही ओझं वाटते. असं होणारच, तेव्हा नोंद छोटी करा. इग्नेशियसची स्वतःची १५४४-४५ची दैनंदिनी उपलब्ध आहे. तिच्या उत्तरार्धातल्या कित्येक नोंदी म्हणजे प्रार्थनेत अश्रू आले की नाही याच्या नुसत्या खुणा. तुमच्या वहीतही तारीख, हाक आणि 'आज काही नाही, पण आलोय' एवढं असलं तरी बसणं झालं.

त्याचाच आणखी एक नियम इथे कामाचा आहे: मन रुक्ष असताना आधी घेतलेले निर्णय बदलू नयेत. साधना सोडावी, गुरू बदलावा, हे सगळं थोतांड आहे असं वाटू लागलं, तर ते वहीत लिहा आणि मागची पानं उघडा. मन मोकळं असताना काय ठरवलं होतं ते तिथे तुमच्याच अक्षरात आहे. रुक्षपणा मात्र फार लांबला तर शरीराकडेही बघा. अपुरी झोप आणि नैराश्य यांना पुष्कळदा आध्यात्मिक नाव दिलं जातं.

परत वाचणं

माझ्या मते वहीचा निम्मा लाभ इथे आहे, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. महिन्यातून एकदा, शक्यतो सुट्टीच्या दिवशी, तासभर काढा. नवं काही लिहू नका. पेन्सिल घेऊन महिना वाचा आणि समासात तीनच खुणा करा. जिथे देव जवळ वाटला तिथे एक, जिथे तीच चूक पुन्हा आली तिथे दुसरी, जिथे तेव्हा न कळलेलं आता कळतंय तिथे तिसरी.

दुसरी खूण बघून दचकायला होतं. एकाच माणसाचं नाव चारही आठवड्यांत, दर वेळी त्याच रागासह. आणि प्रत्येक रात्री आपण ते नव्यानेच घडल्यासारखं लिहिलेलं असतं. तिसरी खूण वेगळीच. ज्या दिवशी 'तू कुठे आहेस?' लिहिलं होतं त्याच आठवड्यात कुणीतरी अचानक फोन केला होता, आणि ती नोंद आपण प्रार्थनेत न धरता आभारात धरलेली असते. हा धागा रोज लिहिताना दिसत नाही, महिना एकदम वाचल्यावर दिसतो. वाचून झालं की देवाला अर्धं पान लिहा: या महिन्यात मला तू असा दिसलास.

जपायच्या काही गोष्टी

ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांनी साधकांसाठी तक्त्याची दैनंदिनी आखून दिली होती: किती वाजता उठलात, किती माळा जप झाला, किती वेळा खोटं बोललात. शिस्त लागेपर्यंत असा तक्ता फार उपयोगी आहे, आळशी माणसाला तर औषधच. मात्र रकाने भरल्याचं समाधान मिळू लागलं की माणूस देवाकडे न बघता रकान्यांकडे बघतो, त्यामुळे तक्ता ठेवायचा तर पानाच्या कोपऱ्यात ठेवा.

याच्या उलट, काहींना प्रत्येक विचारात पाप दिसू लागतं आणि तीच कबुली पुन्हा पुन्हा लिहूनही चैन पडत नाही. अशांनी क्षमेचा टप्पा काही काळ सरळ गाळावा, फक्त आभार लिहावेत, आणि जाणत्या माणसाशी बोलावं.

दुसऱ्यांनी विश्वासाने सांगितलेली गुपितं वहीत आणू नका. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर आद्याक्षर पुरे, देवाला नाव माहीत आहे.

आणि वहीतल्या ओळींचे फोटो काढून लोकांना दाखवू नका. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड १९६१मध्ये विमान अपघातात वारले. नंतर त्यांच्या घरी एक हस्तलिखित मिळालं, सोबत मित्राला लिहिलेली चिठ्ठी: स्वतःशी आणि देवाशी चाललेल्या वाटाघाटींची ही नोंद आहे, छापण्याजोगी वाटली तर छापा. पद, दौरे, राजकारण यांचा त्यात जवळजवळ उल्लेखच नाही. जगाला त्यांची ही बाजू कळली ती १९६३मध्ये, पुस्तक निघाल्यावर.

भरलेल्या वह्यांचं काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. ठेवायच्या असतील तर वर्ष घालून एका जागी ठेवा आणि तुमच्या मागे त्या कुणी उघडायच्या की न उघडता नष्ट करायच्या, हे पहिल्या पानावर सहीनिशी लिहा. नष्ट करायच्या असतील तर त्याआधी प्रत्येक वहीतून दोन-तीन पानं निवडून नव्या वहीच्या सुरुवातीला उतरवून घ्या: एखादं मिळालेलं उत्तर, एखादं अजून न मिळालेलं, आणि एखादं भांडण.